जाळी धुतली होतीस का?

६ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधी सांगते: आईला काही झालेलं नाही. ती आतल्या खोलीत रेडिओ मोठा लावून बसली आहे आणि मी कुणाला लिहितेय हे कळत नसल्याचं नाटक करते आहे. दर थोड्या वेळाने पाणी प्यायला बाहेर येते. एवढं पाणी ती एरवी आठवड्यातसुद्धा पीत नाही.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडू. कागदावर निदान तुला मध्ये बोलता येत नाही.

कामाचं लिहिते. पालिकेने कापडबाजारामागचा ओढा तपासायला आपल्याला दिला आहे. आपल्याला म्हणजे मला. ओढा मोठ्या पाइपात घालून वर रस्ता करायचा बेत आहे, पण त्याआधी ओढा मेला आहे की जिवंत आहे हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं. मेलेला असेल तर पाइप. जिवंत असेल तर तो उघडा राहणार आणि पालिकेला तो साफ करावा लागणार. इंजिनिअर साहेब फाइल देताना म्हणाले, नुसती औपचारिकता आहे. औपचारिकता म्हटलं की माझं डोकं कसं फिरतं ते तुला ठाऊक आहे. पण काठावर गेले आणि मला वाटलं, माणूस काही चुकीचं बोलला नाही. रंगाऱ्यांच्या गाळ्यांखालून येणारं ते पाणी आज जांभळं होतं. वासाबद्दल लिहीत नाही, तुझं जेवण व्हायचं असेल.

मी गमबूट घालून आत उतरले तशी पुलावर माणसं जमली. एकाने विचारलं, बाई, पाण्याला लाथा कसल्या मारताय? मग मी नेहमीचं पुराण लावलं. पायाने तळाचे दगड ढवळायचे, दगडांखाली दडलेले किडे सुटून प्रवाहात येतात, खालच्या अंगाला जाळी धरलेली असते तीत अडकतात. पाणी आज जांभळं आणि उद्या नितळ असेल, पण तळाशी कोण राहतंय त्यावरून ओढ्याची वर्षभराची तब्येत कळते. तो माणूस म्हणाला, म्हणजे भाडेकरू बघून घर कसं आहे ते ठरवायचं. मला हे आवडलं. बाबांना तर फारच आवडलं असतं. आपण दोघी जाळ्या घेऊन निघालो की ते म्हणायचेच ना, निघाल्या बहिणी-बहिणी लाथाळी करायला.

माझी जाळी पहिल्याच फेरीत पत्र्याला अडकून फाटली. घराला लागूनच्या आपल्या कामाच्या खोलीवर जाऊन माळ्यावरची तुझी आणली. विचारलं नाही, कारण विचारायला तू आहेस कुठे? वापरली एवढं कळवायचं होतं. पत्राचं कारण तेवढंच.

धाकटी

११ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून बसले नव्हते. तरी पोस्टमनने सायकल थांबवली की खिडकीशी जाते. आपल्या खोलीखाली सायकलचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी सायकल थांबवतच असतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही.

नमुना मी नेहमीप्रमाणे काठावरच स्पिरिटमध्ये घातला आणि खोलीवर आणून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला. आधी सगळं अपेक्षेप्रमाणेच होतं. लाल अळ्या, नुसत्या लाल अळ्या, घाणीत मजेत राहणाऱ्या. जळवा. एक बाटलीचं झाकण. मी कंटाळून चिमट्याने कचरा बाजूला करत होते, तेवढ्यात एका कुजक्या पानाच्या देठाला चिकटलेलं काहीतरी दिसलं. भिंगाखाली धरलं. चपटं डोकं. पायांना दोन-दोन नख्या. पोट अर्ध्यात तुटलेलं, पण पानाला लागून एक लांब शेपूट शिल्लक.

दोनशेपटी. ताई, कापडबाजारामागच्या ओढ्यात दोनशेपटी!

मी ओरडले असणार, कारण आई पदर सावरत धावत आली. तिला भिंगातून दाखवलं. गार, स्वच्छ, खळाळत्या पाण्याशिवाय ही अळी जगत नाही. नियमच आहे की नमुन्यात ही सापडली तर त्या ओढ्याला मेलेला म्हणता येत नाही. आईने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, बिचारीला राहायला दुसरी जागा मिळाली नाही का. आणि मला आठवलं, पुलाच्या खाली, डाव्या भिंतीलगत, माझ्या बुटाला गार लागलं होतं. बाकी सगळा ओढा कोमट, तेवढीच जागा गार. भिंतीतून एखादा झरा पाझरत असेल. असू शकतो.

मी जवळजवळ नाचले. मग माझी नजर कोपऱ्यात वाळत घातलेल्या तुझ्या जाळीवर गेली आणि मी खाली बसले.

ती जाळी याआधी शेवटची वापरली गेली ती वरच्या डोंगरातल्या ओढ्यावर. तिथे दगड उचलला की दोनशेपट्या पळत सुटतात. त्यानंतर ती माळ्यावरच होती. आणि मी ती पाण्यात घालण्याआधी बघितली नाही. माझी स्वतःची जाळी मी दहादा झटकते, दुसऱ्या कुणाची असती तर धुऊन घेतली असती. तुझी जाळी तपासायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नवख्या माणसानेही करू नये अशी चूक.

म्हणजे ही अळी या ओढ्यातली आहे, की तुझ्या जाळीच्या शिवणीत अडकून वाळलेली, स्पिरिटमध्ये भिजून पुन्हा मऊ झालेली, डोंगरातली आहे? विभागातल्या, किडे ओळखणाऱ्या तज्ज्ञबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, ताजी म्हणवत नाही, जुनीही म्हणवत नाही.

तू काय ते लक्षात घेशील. मला चष्मा सापडत नाही, थांबते.

धाकटी

१६ फेब्रुवारी

ताई,

चष्मा कपाळावर होता. आईने सांगितलं.

मी माझी जाळी शिवून पुन्हा ओढ्यावर गेले. पुलाखालचा तळ इंच न् इंच ढवळला. लाल अळ्या, जळवा. एकदा सापडलं नाही म्हणजे तिथे नाहीच असं होत नाही, हे आपणच सगळ्यांना शिकवत आलो. तिसऱ्यांदा जाणार होते तर ठेकेदाराने वरच्या बाजूला मातीचा बांध घातला आहे. परवानगी मिळायच्या आधीच त्याला पाण्याची वाट बदलून हवी होती. आता खाली डबकी उरली आहेत आणि त्यांतून काही कळणार नाही. इंजिनिअर साहेबांनी दिलगिरी व्यक्त केली. ती त्यांना छान जमते.

तेव्हा आता सगळं घोडं एका प्रश्नावर अडलंय आणि मी दोन पत्रं त्याच्याभोवती घिरट्या घालते आहे. विचारते.

त्या दिवशी जाळी धुतली होतीस का?

कुठला दिवस ते सांगायला नको. आपण दोघी वरच्या ओढ्यात होतो, नमुना अर्धा झाला होता. आईचा फोन तुझ्या मोबाइलवर आला. बाबांना बरं वाटत नव्हतं म्हणून दवाखान्यात नेलंय, एवढंच तू मला सांगितलंस. म्हणालीस, "तू गाडी घेऊन हो पुढे. मी आवरून येते." मी निघाले. तू आलीस तेव्हा बाबा गेले होते. व्हरांड्यात मी तुला विचारलं, कुठे होतीस? तू म्हणालीस, आवरत होते. बस. त्यानंतर दीड वर्षात तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. तू दूरची नोकरी धरलीस आणि मी खोलीच्या पाटीवरचं तुझं नाव खरवडून काढलं.

मला वाटत होतं, तू सामान तसंच गोणीत कोंबून रस्त्यावर आलीस आणि तुला गाडी मिळाली नाही. असं मी स्वतःला सांगायचे. आणि ज्या दिवशी तुझा फार राग यायचा त्या दिवशी मला दिसायचं की तू काठावर बसून जाळी धूत आहेस. उलटी करून, ब्रशने, एकेक शिवण. बाबा तिकडे श्वास मोजत आहेत आणि तू जाळी धूत आहेस.

आता गंमत बघ. तू घाईने निघाली असशील, जाळी तशीच गुंडाळली असशील, तर माझा तुझ्यावर काही राग राहत नाही. पण मग ती अळी डोंगरातली, आणि ओढा पाइपात. तू जाळी धुतली असशील तर ओढा जिवंत आहे. पण मग तू बाबांपेक्षा जाळीला वेळ दिलास, आणि ते मी कुठे ठेवू?

काय उत्तर यावं असं मला वाटतंय ते मलाच कळत नाही. रोज बदलतं. काल दुपारी वाटत होतं ओढा गेला खड्ड्यात. लिहून कळव. खरं काय ते.

२१ फेब्रुवारी

ताई,

अजून काही नाही. पाइपाच्या परवानगीची सुनावणी ठरली आहे.

आज पुलालगतची शिंपीण आली होती. तिच्या दुकानात दर पावसात गुडघाभर घाण पाणी शिरतं. ती भांडायला आली नव्हती, ते एक वाईट झालं. भांडली असती तर मी तोडीस तोड दिलं असतं. तिने विचारलं, तुमच्या या किडे मोजण्यासाठी आम्ही अजून किती वर्षं नाक दाबून शिवत बसायचं? मी म्हटलं, ओढा साफ झाला तर वासही जाईल. ती म्हणाली, साफ करू म्हणणारे मी लहान असल्यापासून बघतेय. मी तिला बसायला खुर्ची दिली. आईने तिला चहा दिला आणि तिने जाताना माझ्या कुर्त्याची उसवलेली बाही तिथल्या तिथे टाचून दिली.

ती गेल्यावर मी अळीची कुपी हातात घेतली. मोरी चार पावलांवर आहे. अळी आहे हे मला, तुला, आईला आणि तज्ज्ञबाईंना माहीत, आणि तज्ज्ञबाई विचारल्याशिवाय बोलत नाहीत. नमुना संशयास्पद, बाद केला, असं लिहिलं तर मला कुणी नावं ठेवणार नाही, उलट प्रामाणिक म्हणतील. शिंपिणीचं दुकान कोरडं राहील. आणि मला तुझं उत्तर ऐकावं लागणार नाही.

खरं सांगू का, मला त्या शेवटच्या कारणाचीच भुरळ पडली.

कुपी परत कपाटात फळीवर ठेवून कुलूप लावलं. किल्ली आईकडे दिली. तिने कशाची, हे विचारलं नाही.

तू मूग गिळून बसण्यात पहिल्यापासून हुशार. पण या वेळी मी तुझ्यासाठी विचारत नाहीये. निदान फक्त तुझ्यासाठी नाही.

२५ फेब्रुवारी

ताई,

काल तू फोन केलास आणि मी तो मध्येच ठेवून दिला. आपण काय बोललो ते मुद्दाम लिहून काढते, कारण कालपासून ते माझ्या डोक्यात जागा बदलत आहे. तुझं काही वेगळं असेल तर सांग.

फोन उचलला तर तुझ्याकडे वारा सुटलेला असावा. मागे कुठेतरी दार आपटत होतं. मग म्हणालीस, "धुतली होती."

मी विचारलं, कशी? तू म्हणालीस, नेहमीसारखी. उलटी करून, ब्रशने, वाहत्या पाण्यात, आणि उन्हात धरून भिंगाने शिवणी बघितल्या. तिच्यात काही नव्हतं, हे मी कुठेही सांगेन.

म्हणजे तू खरंच जाळीला वेळ दिला होतास. तरी मी तुला एक वाट काढून दिली, ताई, ते तुझ्या लक्षात आलं असेल. मी म्हटलं, बाबांना इतकं जास्त आहे हे तुला माहीत नसणार.

"माहीत होतं," तू म्हणालीस. "आईचा आवाज मी ऐकला होता. म्हणूनच तुला पुढे पाठवलं. मला तिथे जायचं नव्हतं. जाळी धुऊन झाली तरी मी आणखी एकदा धुतली."

तेव्हा मी फोन ठेवला.

आज दिवसभर कामात लक्ष लागत नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या, त्या चुकीच्या लावल्या, परत काढल्या. खालच्या सायकलवाल्याशी विनाकारण भांडले आणि मग त्याची माफी मागायला गेले, तर तो म्हणाला, बाई, तुम्ही भांडलात कधी?

दुपारी एक विचार आला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. तू ओढ्यासाठी खोटं बोलत नाहीस ना? ओढे वाचावेत म्हणून तू पूर्वी बऱ्याच खटपटी केल्या आहेस. धुतली म्हणायला तुझं काय जातं? पण मग आठवलं, मी तुला वाट काढून दिली होती. जाळी धुतली, पण बाबांचं एवढं गंभीर आहे हे ठाऊक नव्हतं, असं म्हणाली असतीस तर ओढाही वाचला असता आणि तूही. खोटं बोलणारा माणूस ती वाट सोडत नाही.

तुझ्यावर विश्वास बसला आहे. राग तेवढाच आहे. हे दोन्ही एकदम असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

४ मार्च

ताई,

सुनावणी झाली.

पालिकेच्या वरच्या मजल्यावरची ती लांब दालनवजा खोली, पंखा गरगरतोय, कागदांवर वजनं. अधिकारीबाई, इंजिनिअर साहेब, तज्ज्ञबाई. मागच्या बाकावर शिंपीण, रंगारी, बाजारातली आणखी काही माणसं, आणि आई. आईला मी येऊ नको म्हटलं होतं.

मी सगळं सांगितलं. अळी, तुटलेलं पोट, गार लागलेला बूट, आणि जाळी न तपासता पाण्यात घातली तेही. मग सांगितलं की जाळी माझ्या बहिणीची आहे आणि तिने ती आधीच्या वापरानंतर ब्रशने दोनदा धुतली होती आणि शिवणी भिंगाने बघितल्या होत्या.

साहेबांनी फार सभ्यपणे विचारलं, त्या स्वतः आल्या नाहीत का? मी म्हटलं, मी बोलावलं नाही. ते म्हणाले, तुम्हा बहिणींचं बोलणं नाही असं ऐकतो. मी म्हटलं, बरोबर ऐकता. मग त्यांनी हात पसरले आणि अधिकारीबाईंकडे बघून म्हणाले, जिच्याशी या स्वतः बोलत नाहीत तिच्या शब्दावर आपण एवढं मोठं काम थांबवायचं?

मागे कुणीतरी हसलं. मला बसावंसं वाटलं. पण मी उभी होते आणि तोंडातून आलंच.

मी म्हणाले, "माझे वडील दवाखान्यात शेवटचे श्वास घेत होते, तेव्हा माझी बहीण ओढ्याच्या काठी बसून ही जाळी धूत होती. तिने ते मला स्वतः सांगितलं. याच संशयावरून मी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. हे खोटं असावं असं माझ्याइतकं या खोलीत कुणालाच वाटत नव्हतं. पण ते खरं आहे."

कुणी हसलं नाही. अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तज्ज्ञबाईंना विचारलं, इतक्या धुतलेल्या जाळीत अळी राहू शकते का? तज्ज्ञबाई म्हणाल्या, नाही. विचारलं की त्या स्पष्ट बोलतात.

पाइपाला परवानगी मिळालेली नाही. बांध फोडायचा, आणि वर्षभर चारही ऋतूंत नमुने घ्यायचे असा आदेश निघाला. रंगाऱ्यांच्या गाळ्यांना नोटिसा गेल्या. शिंपीण माझ्याकडे न बघता जिना उतरली. तिच्यासमोर मी अजून कित्येक महिने मान वर करून चालू शकणार नाही, आणि ओढा साफ झाला नाही तर कधीच नाही.

आई घरी येईपर्यंत दोन पावलं पुढेच चालत होती. मला वाटलं, तिला तू वेळेवर का आली नाहीस ते आज चारचौघांत कळलं, ते तिला लागलं असणार. घरी आल्यावर पाय धुतले, बसली, आणि म्हणाली, "हे तर मला तेव्हाच ठाऊक होतं. बाबांनाही होतं. तुलाच ना बाबांनी विचारलं होतं?"

विचारलं होतं. तुला हे मी सांगितलं नाही. रागामुळे लपवलं असं नाही. त्या दिवसातली माझ्या वाट्याची ती एकच बरी गोष्ट होती आणि तीही तुझ्याबद्दलचीच होती, म्हणून मी ती माझ्यापाशी ठेवली. पण तू मला खरं सांगितलंस. ते किती महाग पडलं ते मी त्या खोलीत उभी राहून बघितलं. तेव्हा हे आता तुझं.

मी पोचले तेव्हा बाबा शुद्धीवर होते. माझ्या मागे दाराकडे बघत त्यांनी विचारलं, मोठी कुठे आहे? मला काय सांगावं कळेना. मी आपलं म्हटलं, ती आवरतेय, जाळी धूत असेल.

बाबा हसले, ताई. नेहमीसारखे, डोळे मिटून. म्हणाले, "मग तिला घाई करू नका."

ते त्यांचं शेवटचं बोलणं.

धाकटी